घोड्याचे दांत

गेल्या महिन्यांत माझी खालच्या जबड्यांतील एक दाढ काढावी लागली. ही कांहीं सार्वजनिक महत्त्वाची घटना नव्हे, आणि पन्नाशी उलटलेल्या मनुष्यानें आपल्या दाढेची हकीकत लिहीत बसावें यांत औचित्यहि फारसें नाहीं, हें मी जाणतों. तथापि दाढ निघाल्यावर दंतवैद्यानें जो एक साधा प्रश्न विचारला त्यानें मला विचारांत पाडलें. “केव्हांपासून दुखत होती?” असें त्यानें विचारलें, आणि मला उत्तर देतां येईना. ठणका लागून झोंप उडाली ती चार दिवसांपूर्वीं. पण त्याच्या आधीं? घरीं येऊन मीं हाच प्रश्न पत्नीला केला. ती म्हणाली, “मला विचाराल तर दिवाळीपासून.” दिवाळीपासून मी जेवतांना मौन धरूं लागलों होतों, भाकरी कडक झाली म्हणून ताट सारलें होतें, शेजारच्या मुलांच्या खेळावर ओरडलों होतों, आणि महाविद्यालयांत एका विद्यार्थ्याला क्षुल्लक कारणावरून वर्गाबाहेर काढलें होतें. या सर्वांचें कारण घरच्या मंडळींनीं माझें वय हें मानलें, सहकाऱ्यांनीं माझा स्वभाव हें मानलें, आणि मीं स्वतः तें काळाच्या अधःपातांत शोधलें. दाढेचा संशय कोणालाहि आला नाहीं. “म्हणजे दाढ होती तर!” असें पत्नी म्हणाली, आणि तिच्या स्वरांत सहानुभूतीपेक्षां सुटकेचा भाग अधिक होता.

जीभ अजूनहि त्या रिकाम्या जागेकडे जाते. ती तेथें गेली कीं मला एक घोडा आठवतो.

१९८२ सालची गोष्ट. त्या वेळीं मी बारा वर्षांचा होतों. वडिलांच्या थोरल्या बंधूंना आम्ही सारीं मुलें नाना म्हणत असूं. शिरपुरास अरुणावतीच्या पलीकडे त्यांची शेती होती, आणि शेतावर जाण्यासाठीं फटफटी घेण्याइतकी ऐपतहि होती. परंतु त्यांना घोड्याचा षोक. घोड्यावरून जाणाऱ्याला सारा गांव रामराम घालतो आणि फटफटीवरून जाणाऱ्यावर कुत्रीं भुंकतात, असें ते म्हणत. त्यांची जुनी घोडी त्या पावसाळ्यांत मेली होती. मार्गशीर्षांत ते सारंगखेड्याच्या यात्रेस निघाले तेव्हां मीहि हट्टानें बरोबर गेलों.

सारंगखेडें आमच्या पश्चिमेस, तापीच्या कांठीं आहे. तेव्हां तें धुळें जिल्ह्यांत होतें. १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार जिल्हा निराळा झाला तेव्हांपासून तें तिकडे गेलें. दत्तजयंतीला तेथें एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार. या बाजाराची परंपरा तीन शतकांहून जुनी असल्याचें सांगतात. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, गुजरात येथून व्यापारी घोडीं घेऊन येतात. अलीकडे या यात्रेला चेतक महोत्सवाची जोड मिळाली आहे. घोड्यांचीं नृत्यें होतात, शर्यती होतात, आणि एकेका घोड्याच्या लाखांच्या किंमती वृत्तपत्रांत छापून येतात. १९८२ सालीं एवढा थाट नव्हता. धूळ मात्र हीच होती.

घोडा विकत घेणें हा एक विधि आहे. त्याचा पहिला भाग म्हणजे भोवरे पाहणें. केंसांचा भोवरा कपाळावर कोठें पडला आहे, गळ्यावर आहे कीं छातीवर, यावरून घोडा धन्याला तारील कीं मारील हें ठरतें. गळ्याखालीं शुभ भोवरा असला तर त्याला देवमण म्हणतात आणि किंमत चढते. दुसरा भाग म्हणजे दांत. नानांनीं एका कुमैत घोड्यापाशीं थांबून भोवरे पाहिले, पाय चांचपले, आणि मग त्याच्या तोंडांत बाजूनें आंगठा घातला. घोड्याच्या पुढच्या दांतांच्या आणि मागच्या दाढांच्या मध्यें चार बोटें मोकळी हिरडी असते. तेथें आंगठा दाबला कीं तोंड आपोआप उघडतें. लगामाचें कडियाळें बसतें तेंहि याच जागीं. नानांनीं ओठ वर केला आणि मला जवळ बोलावलें. वरच्या व खालच्या रांगेंत मधले दोन दोन दांत मोठे, रुंद, किंचित् पिवळट होते. त्यांच्या बाजूचे मात्र लहान आणि दुधासारखे पांढरे. “दोनदांती,” नाना म्हणाले, “म्हणजे तीन वर्षांच्या आंतबाहेर. हाच घडवायचा काळ.” मग उपरण्याखालीं व्यापाऱ्याच्या हातांत नानांचा हात गेला, बोटें दाबलीं गेलीं, माना हालल्या, आणि एक शब्दहि न उच्चारतां सौदा झाला.

चारी पाय पांढरे आणि कपाळावर टिळा, म्हणजे घोडा पंचकल्याणी. नानांच्या आनंदाला सीमा राहिली नाहीं. यात्रेच्या स्मरणार्थ त्याचें नांव सारंग ठेवलें, आणि तापीच्या कडेकडेनें मुक्काम करीत आम्ही त्याला पायींच शिरपुरास आणलें. त्या वाटेवर तो माझ्या खिशांतला गूळ हुंगून काढी. गूळ खातांना त्याच्या ओठांचा जो मऊ स्पर्श तळहाताला होई तो मला अद्याप आठवतो.

दोन महिने सुखांत गेले. सारंगच्या पाठीवर खोगीर पडलें, त्याला चाल शिकवण्यासाठीं एक जाणता म्हणवणारा मनुष्य ठेवला गेला, आणि त्यानें आणलेला कांटेरी लगाम तोंडांत चढला. चैत्राच्या सुमारास बिघाड सुरू झाला. लगाम दिसतांच सारंग मान उंच करी. डावीकडे वळवूं गेलें कीं डोकें झटकी, कधीं मागच्या पायांवर उभा राही. दादरच्या कडब्यावर तो पूर्वीं तुटून पडत असे; आतां तो घांस तोंडांत घोळवी, मान वांकडी करून चावी, आणि चावलेल्या चाऱ्याचा ओला गोळा गव्हाणींत टाकून देई. हरभऱ्याची चंदी अर्धीअधिक खालीं सांडे. खालच्या जबड्याच्या कडेला दोन्ही बाजूंनीं सुपारीएवढ्या टणक गाठी आल्या होत्या. त्या पाहून एका शेजाऱ्यानें हें अवलक्षण आहे असें सांगितलें. दुसऱ्यानें दृष्ट काढण्याचा सल्ला दिला. आणि शिकवणाऱ्या मनुष्यानें एका शब्दांत निकाल लावला : घोडा खोडीचा आहे.

एकदां हा शब्द चिकटला कीं पुढचें सारें सोपें होतें. खोडीच्या घोड्याला तपासावयाचें नसतें, मोडावयाचें असतें. त्याची चंदी कमी झाली, लगाम अधिक घट्ट झाला, आणि चाबूक, जो आतांपर्यंत शोभेसाठीं खुंटीवर होता, तो खालीं आला.

सायंकाळीं त्याला विहिरीच्या हाळावर पाणी पाजण्यास नेणें हें माझें काम होतें. एके दिवशीं वाटेंत माझ्या वर्गांतील मुलें भेटलीं. त्यांच्यापुढें मिरवावें म्हणून मी ओट्यावरून सारंगच्या पाठीवर चढलों आणि ऐटींत लगाम खेंचला. त्यानें डोकें असें झटकलें कीं त्याची मान माझ्या तोंडावर आदळली, माझा ओंठ फाटला, आणि मी सर्वांदेखत मातींत पडलों. मुलें हंसलीं. मीं सारंगला निंबाला बांधलें, निर्गुडीची छडी तोडली, आणि त्याला मारलें. पाठीवर नव्हे, तोंडावर मारलें. कारण त्याच्या तोंडानेंच माझा अपमान केला होता. त्यानें दोर तोडण्याचा प्रयत्न केला नाहीं. दोर पुरेल तेवढी मान उंच केली आणि डोळे मिटून घेतले. मार खातांना घोडा डोळे मिटतो हें मीं त्यापूर्वीं पाहिलें नव्हतें, आणि त्यानंतर पाहण्याची इच्छाहि झाली नाहीं.

ज्येष्ठांत मेंढ्या घेऊन जाणारा एक म्हातारा ठेलारी आमच्या शेतांत उतरला होता. या लोकांचा सारा संसार तट्टावर लादलेला असतो, त्यामुळें घोड्याचें दुखणेंखुपणें त्यांना घरच्या मनुष्यासारखें कळतें. सारंगला तो कितीतरी वेळ पाहत उभा राहिला, गव्हाणींतला चाऱ्याचा गोळा उचलून त्यानें हुंगला, आणि नानांना म्हणाला, “याले मारू नका, नाना. यानं तोंड दुखी ऱ्हायनं.” नाना हंसले. “तोंड मी पाहेल शे,” ते म्हणाले, “दात मन्हा मोजेल शेतस.” म्हातारा आणखी कांहीं बोलला नाहीं.

श्रावणांत एके सकाळीं गव्हाण झाडतांना मला एक विचित्र वस्तु सांपडली. दोन बोटें रुंद, चपटी, वरून घासलेली आणि खालीं बारीक टोंकें असलेली; एखाद्या मोडक्या चौरंगाची प्रतिमाच. मला वाटलें शंखाचा अगर हाडाचा तुकडा असेल. मुलांना असल्या वस्तूंचा मोह असतो त्याप्रमाणें मीं ती धुवून कंपासपेटींत ठेवली. त्यानंतर पंधरवड्यानें सारंग नीट खाऊं लागला. लगाम घेतांना तो अजून दचके, परंतु डोकें झटकणें पुष्कळ कमी झालें. या सुधारणेचें श्रेय आजीनें दृष्ट काढणाऱ्या बाईला दिलें आणि शिकवणाऱ्यानें आपल्या चाबकाला दिलें. पण झालेलें नांव पुसलें जात नाहीं. पुढच्या दत्तजयंतीस नानांनीं सारंगला पुन्हां सारंगखेड्यास नेऊन उभें केलें. गिऱ्हाइकानें बाजूनें आंगठा घालून तोंड उघडलें, आणि नाना अभिमानानें म्हणाले, “चारदांती झाला आहे, पाहून घ्या.” ज्या दांतांनीं त्याला वर्षभर छळलें त्याच दांतांवर नानांना घेतल्यापेक्षां थोडे अधिक रुपये मिळाले. तो कोणाबरोबर कोणत्या दिशेस गेला हें मीं पाहिलें नाहीं. मी मिठाईच्या दुकानापाशीं होतों, आणि मला तेथें बुद्ध्याच पाठवलें होतें.

ही हकीकत मी विसरून गेलों होतों असें म्हणणें खोटें ठरेल. परंतु तिचा अर्थ मला ठाऊक नव्हता. मी इंग्रजी शिकलों, इंग्रजी शिकवूं लागलों. त्या भाषेंत एक म्हण आहे कीं दान मिळालेल्या घोड्याचें तोंड उघडून पाहूं नये. संत जेरोम यानें चौथ्या शतकाच्या अखेरीस ही म्हण लोकांत रूढ म्हणूनच लॅटिनमध्यें दिली आहे, अर्थात् ती त्याहूनहि जुनी. आपल्याकडे हाच उपदेश फुकट मिळालेल्या गाईच्या दांतांविषयीं करतात. वय झालेल्या मनुष्याला त्याच भाषेंत लांब दांतांचा म्हणतात, तेंहि घोड्यावरूनच. कारण वयाबरोबर घोड्याची हिरडी मागें सरते आणि दांत पुढें लांबट दिसूं लागतात. तीस वर्षें मीं हे वाक्प्रचार वर्गांत समजावून सांगितले, आणि तीस वर्षें एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली नाहीं : घोड्याचें तोंड उघडावयाचें तें त्याची किंमत ठरवण्यासाठीं, हें या सर्वांत गृहीतच धरलेलें आहे.

आमचे पूर्वजहि यांत मागें नव्हते. शिरपुराहून आग्रा रस्त्यानें सेंधव्याकडे घाट चढून गेलें कीं पुढें माळवा लागतो. त्या माळव्यांत, उज्जयिनीच्या परिसरांत, सहाव्या शतकांत वराहमिहिर होऊन गेला. त्याच्या बृहत्संहितेंत घोड्याच्या लक्षणांचा एक छोटा अध्याय आहे, आणि त्यांतील एका श्लोकांत घोड्याचें उभें आयुष्य दांतांवरून मोजून दिलें आहे. पांढरे सहा दांत असतील तर तें वासरूं. तेच काळपट तांबूस झाले म्हणजे दोन वर्षांचें. मधले दांत पडून नवे आले म्हणजे तीन वर्षांचा घोडा, त्यांच्या बाजूचे पडून आले म्हणजे चार, आणि कडेचे पडून आले म्हणजे पांच. त्यापुढें तो दांतांवरील रंगांवरून आणि खुणांवरून तीन तीन वर्षांचे टप्पे करतो : काळी खूण, पिवळी, पांढरी, कांचेसारखी, मधासारखी, शंखासारखी, मग दांताला खांच पडते, मग दांत हालतो, आणि अखेर पडतो. पुढच्या दांतांचीं तीन, चार आणि पांच हीं वर्षें आजचें पशुवैद्यकहि जवळजवळ तशींच सांगतें. चौदाशे वर्षांपूर्वींच्या या अचूक निरीक्षणाबद्दल मला अभिमान वाटतो. तरीहि तो श्लोक पुन्हां वाचतांना मनांत आलें कीं ‘पडून नवे आले’ हे तीन शब्द लिहून ग्रंथकार पुढें गेला. ते पडतांना आणि येतांना घोड्याला काय होत असेल हा प्रश्न गिऱ्हाइकाचा नसल्यामुळें तो श्लोकांत आला नाहीं.

त्या प्रश्नाचें उत्तर मला कांहीं वर्षांपूर्वीं मिळालें, आणि तें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें दिलें. तो पशुवैद्य झाला आहे. सहज भेटीस आला असतां मीं त्याला ती कंपासपेटींतील वस्तु दाखवली. त्यानें ती तळहातावर उलटी करून पाहिली आणि म्हणाला, “सर, ही तर टोपी आहे. घोड्याच्या दुधाच्या दाढेची.” मग चहा निवून गेला तरी तो बोलत राहिला. माझ्या वर्गांत तो इतका वेळ कधींच बोलला नव्हता.

त्याच्याकडून जें समजलें तें असें. शिंगरूं जन्मल्यावर आठवड्याच्या आंत त्याचे पुढचे मधले दांत दिसूं लागतात, सुमारें सहा आठवड्यांत त्यांच्या बाजूचे आणि सहा महिन्यांत कडेचे. वर सहा, खालीं सहा असे हे बारा, आणि दोन्ही जबड्यांत मिळून दुधाच्या बारा दाढा, एकूण चोवीस. हे चोवीसहि दांत अडीच वर्षांपासून पांच वर्षांपर्यंतच्या अवधींत पडतात. त्याच अवधींत त्यांच्या जागीं नवे चोवीस येतात, सर्वांत मागच्या चार दाढा फुटतात, आणि नर असेल तर चार सुळेहि येतात. म्हणजे अडीच वर्षांत चोवीस गेले आणि बत्तीस आले! मनुष्याची बत्तिशी पुरी होण्यास वीस वर्षें लागतात, आणि तेवढ्यांतहि आपण आईबापांना किती रात्री जागवतों.

आतां मौज अशी कीं आपण फक्त पुढचे दांत मोजतों. कारण ओठ उचलला कीं ते दिसतात. दाढांचा व्यवहार आंत अंधारांत चालतो. नवी दाढ खालून वर येऊं लागते तेव्हां ती दुधाच्या दाढेचें मूळ झिजवते, आणि त्या दाढेचा वरचा पातळ भाग टोपीसारखा नव्या दाढेवर बसून राहतो. बहुधा तो आपण होऊन गळून पडतो. परंतु कधीं तो एका बाजूनें सुटतो आणि दुसऱ्या बाजूनें अडकून राहतो. त्याचीं टोंकें हिरडींत आणि गालांत रुततात, खालीं चारा कुजतो, तोंडाला दुर्गंधि येते, घोडा मान वांकडी करून चावतो आणि घांस टाकून देतो. नव्या दाढेचें लांब मूळ जबड्यांत वाढत असतें, त्यामुळें त्या वयांत खालच्या जबड्याच्या कडेला गाठी उमटतात. त्या बहुधा निरुपद्रवी असतात आणि पुढें आपोआप जिरतात. आमच्या शेजाऱ्याचें अवलक्षण तें हें! याखेरीज कांहीं घोड्यांना पहिल्या दाढेच्या पुढें, नेमका कडियाळ्याच्या जागेशीं, हरभऱ्याएवढा एक निरुपयोगी दांत येतो. इंग्रजींत त्याला लांडग्याचा दांत म्हणतात. लगाम खेंचला कीं कडियाळें त्यावर हिरडी दाबतें. जाणते लोक घोड्याला लगाम लावण्यापूर्वींच तो काढवून घेतात.

“मग टोप्या आधींच उपटून टाकल्या तर?” असें मीं विचारलें. त्यानें मान हालवली. सुटत आलेली टोपी काढली तर घोड्याला आराम पडतो. घाईनें काढली तर खालच्या अपुऱ्या दाढेचें कायमचें नुकसान होतें. केव्हां काढावी हें ठरवण्यासाठीं तोंड उघडून, हात घालून, दिवा धरून पाहावें लागतें. पांच वर्षें पुरीं होईपर्यंत दर सहा महिन्यांनीं असें पाहावें, आणि पुढें वर्षांतून एकदां तरी, असा त्यांचा नियम आहे. घोड्याच्या दाढा जन्मभर वर सरकत राहतात, वर्षाला दोन ते तीन मिलिमीटर, आणि चाऱ्यावर घासून तितक्याच झिजतात. दिवसभर कुरणांत गवत उपटणाऱ्या घोड्याचें हें गणित बहुधा जमतें; खुंट्यावर बांधून चंदीवर पोसलेल्याचें बिघडतें. वरचा जबडा खालच्यापेक्षां रुंद असल्यामुळें वरच्या दाढांना गालाकडे आणि खालच्यांना जिभेकडे सुरीसारखी धार येते. ती लांब दांड्याच्या कानशीनें घासून काढावी लागते. तोंड उघडें ठेवण्यासाठीं एक लोखंडी चौकट असते, आणि आजकाल घोड्याला आधीं गुंगीचें औषध टोंचतात. शर्यतीचे घोडे दोन वर्षांचे असतांनाच धावूं लागतात, म्हणजे सारे दांत पडावयाचे असतांना. पण त्यांच्यावर पैसा लागलेला असल्यामुळें त्यांच्या दाढांना वैद्य मिळतो. खेड्यांतील घोड्याचा वैद्य बहुतेक चाबूकच असतो.

खोट्या व्यापाऱ्यांच्या कारागिरीविषयींहि त्यानें सांगितलें. म्हाताऱ्या घोड्याच्या घासलेल्या दांतांवर खांच कोरून ती डागून काळी करावयाची, म्हणजे तो तरुण दिसतो; आणि पोरसवदा शिंगराचे दुधाचे दांत आधींच उपटावयाचे, म्हणजे तें मोठें दिसतें. पहिल्या युक्तीला इंग्रजींत स्वतंत्र नांवहि आहे. दुसरी ऐकून मात्र मी कांहीं वेळ गप्प बसलों.

शेवटीं मीं त्याला सारंगची सारी हकीकत सांगितली, छडीचीहि. त्यानें सांवधपणें उत्तर दिलें. चाळीस वर्षांपूर्वींच्या घोड्याचें निदान आज करतां येत नाहीं. टोपी अडकली असेल, लांडग्याचा दांत असेल, कांटेरी लगामानें हिरडी सोलली असेल, कदाचित् तिन्ही. “पण सर,” तो म्हणाला, “मान वांकडी करून चावणें, गोळे टाकणें, गाठी, डोकें झटकणें, एवढें सांगितलें असतें तर आमच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरानेंहि आधीं तोंड पाहिलें असतें.”

नाना आज हयात नाहींत. त्यांना निर्दय म्हणण्यास माझी जीभ धजत नाहीं. जुनी घोडी मेली तेव्हां ते दोन दिवस जेवले नव्हते. त्यांना दांत दिसत नव्हते असेंहि नाहीं. त्यांना ते फार चांगले दिसत होते. महिना सांगावा इतक्या बारकाईनें ते वय सांगत. आम्हां शिक्षकांचीहि अशी एक दृष्टि तयार होते. मुलाची इयत्ता, गुण आणि जन्मतारीख आम्ही पत्रकावरून घडघड वाचून दाखवतों. दिवाळीनंतर ज्या मुलाला मीं वर्गाबाहेर काढलें, त्याला दाढ निघाल्यावर बोलावून घेतलें. त्याची काय अडचण होती तें मीं विचारलें, आणि त्यानें सांगितलें. तें येथें लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. पण त्या दोन महिन्यांत दुखणाईत एकटा मीच नव्हतों एवढें खरें.

गेल्या दत्तजयंतीस, म्हणजे माझी दाढ निघण्याच्या आधीं, मी सारंगखेड्यास गेलों होतों. घोडा घेण्याचा विचार नव्हता. मोटार लावायलाच घरीं जागा नाहीं. एका राहुटीपुढें कुमैत रंगाचें एक तरुण घोडें बांधलें होतें, आणि त्याच्या तोंडांत कांटेरी लगाम होता. मी थांबलेला पाहून व्यापाऱ्यानें आपण होऊनच त्याचा ओठ वर केला. “दोनदांती आहे, साहेब. पाहून घ्या.” मीं पाहिलें; खरोखरच दोनदांती होता. मग मीं त्याच्या खालच्या जबड्याच्या कडेवरून हळूच बोट फिरवलें. डाव्या बाजूला दोन गाठी लागल्या, उजव्या बाजूला एक. घोड्यानें कान मागें टाकले, पण मान काढून घेतली नाहीं. व्यापारी लगबगीनें म्हणाला, “त्या गाठींचें कांहीं नाहीं, साहेब. त्याचे पाहिजे तर दोन हजार कमी करतों.”

मीं म्हटलें, “गाठी जातील. तुम्ही आधीं हा लगाम काढा, आणि दाढा कोणाला तरी दाखवा.”

त्यानें माझ्याकडे पाहिलें, माझ्या चष्म्याकडे पाहिलें, हंसला, आणि मागें उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठीं पुन्हां ओठ वर केला.